प्रोग्रॅमेबल मिग मशीनचं सेटिंग आणि मेमरी: आधी काय, मग काय, आणि सेव्ह सगळ्यात शेवटी का

नवीन सिनर्जिक मिग मशीन (वायर आपोआप सोडणारं आणि वायर स्पीडप्रमाणे व्होल्टेज स्वतः जुळवणारं वेल्डिंग मशीन) घेतलेल्या लोकांची, म्हणजे आपल्या बोलीत सीओटू मशीनच पण डिजिटल पॅनेलवालं, त्यांची सगळ्यात जास्त तक्रार एकच असते, की काल सेव्ह केलेलं सेटिंग आज लावलं तर वेल्ड तसा येत नाही. मग मशीन बिघडलंय असं धरून सर्व्हिसवाल्याला बोलावतात, तो येतो, टिप (गनच्या टोकाचा तांब्याचा तुकडा, ज्यातून वायर बाहेर येते) बदलतो, अर्थ क्लॅम्प घासतो आणि जातो, आणि दोन दिवसांनी परत तेच. कारण मशीन फक्त पॅनेलवरचे आकडे लक्षात ठेवतं. टिप किती झिजली होती, अर्थ गंजावर लावला होता की साफ लोखंडावर, गॅस किती लिटर होता, वेल्डरने गन किती लांब धरली होती, यातलं काहीही त्याला कळत नाही. ह्या गोष्टी ठीक नसताना नॉब फिरवून वेल्ड जमवला आणि तेच सेव्ह केलं, तर चुकीचंच कायमचं सेव्ह होतं. म्हणून खालचा क्रम मोडू नका, बाकी सगळं तुमच्या मशीनप्रमाणे थोडं इकडेतिकडे चालेल.

एका शब्दाचा घोळ आधी मिटवतो. वर्कशॉपमध्ये जॉब म्हणजे हातातला पीस, आणि पॅनेलवर जॉब लिहिलेलं असतं ते म्हणजे सेव्ह केलेलं सेटिंग. दोन्हीला जॉब म्हटलं की पोरं गोंधळतात, म्हणून मी पॅनेलवरच्याला मेमरी म्हणणार आहे आणि तुम्हीपण शॉपमध्ये तेच म्हणा.

उदाहरण म्हणून आमच्याकडचंच रोजचं काम घेतो. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत उसाच्या ट्रॉलीची चॅसी बनते, त्यातला ६ एमएम प्लेटचा टी-जॉइंट (एका प्लेटवर दुसरी उभी), आडवा फिलेट (दोन्हीच्या कोपऱ्यात भरलेला वेल्ड), ३५० अँपिअरचं मशीन, १.२ एमएमची कॉपर कोटेड वायर, गॅस शुद्ध सीओटू. तुमचा पत्रा पातळ असेल नाहीतर मिक्स गॅस असेल तर आकडे बदलतील, क्रम तोच राहील.

१. पॅनेलला हात लावायच्या आधी

हा भाग लोक सोडतात आणि नेमका इथेच घोळ होतो, म्हणून जरा लांबवून लिहितोय.

टिप नवीन लावा. जुनी चालतीय हे माहीत असलं तरी नवीन लावा, कारण आपण संदर्भ म्हणून वापरायचं सेटिंग बनवतोय. जुनी टिप उजेडाकडे धरून बघा, भोक गोल न राहता लांबट अंड्यासारखं झालेलं दिसेल, मग वायर आत कुठे टेकते त्याचा भरवसा नाही आणि करंट हलत राहतो. टिपवरचा नंबर आणि वायरचा नंबर एकच पाहिजे, १.२ च्या वायरला १.२ चीच टिप. नोझल आतून साफ करा, स्पॅटर (उडून चिकटलेले धातूचे थेंब) साचला असेल तर गॅसची वाट अडते आणि गॅस एका बाजूलाच जातो.

रोलर बघा. साध्या सॉलिड वायरला व्ही खाचेचा रोलर, अ‍ॅल्युमिनियमला यू खाचेचा, फ्लक्स कोअर्डला (आत पावडर भरलेल्या पोकळ वायरला) दातेवाला. रोलरच्या दोन बाजूंना दोन साइजच्या खाचा असतात, त्यातली कुठली वापरात आहे ते बघा, कारण १.० ची वायर बदलून १.२ लावली आणि रोलर उलटा करायचा राहिला हे आठवड्याला एकदा तरी होतंच. दाब तपासायची सोपी रीत म्हणजे हातमोजे घालून गन लाकडाच्या ठोकळ्यावर धरायची आणि वायर सोडायची. ठोकळ्यापासून बोटभर अंतरावर वायरने वळण घेत पुढे यायला पाहिजे, आणि टिप ठोकळ्याला अगदी टेकवली की रोलरने घसरायला पाहिजे. तिथेपण वायर रेटतच राहिली तर दाब जास्त आहे, मग कधीतरी फीडरमध्ये वायरचा गुंता होणार.

लायनर (गनच्या केबलमधली वायर जाणारी नळी) कोरड्या हवेने फुंका, प्रत्येक नवीन स्पूलला एकदा. केबल जमिनीवर वेटोळं घालून ठेवू नका, गनची पण नको आणि अर्थची पण नको. अर्थची लांब केबल गुंडाळलेली राहिली तर आर्कचा स्वभाव बदलतो, पल्सवर (करंट ठोक्याठोक्याने देणारा मोड) तर जास्तच.

अर्थ क्लॅम्प ग्राइंडरने साफ केलेल्या जागेवर, जॉबच्या जवळ. टेबलाला लावून टेबलावर जॉब ठेवला तर जॉब आणि टेबलाच्या मधला गंज आणि स्पॅटर पण सर्किटमध्ये येतो.

गॅस फ्लोमीटरवर बघायचाच, पण नोझलवर लावायची छोटी फ्लो ट्यूब मिळते ती लावून तिथेपण बघा, दोन आकड्यांत फरक आला तर मध्ये कुठेतरी गळती आहे. लिटरचा अंदाज वायरच्या जाडीच्या १० ते १२ पट धरतात, म्हणजे १.२ ला १२ ते १५ लिटर. पंखा जवळ असेल तर पंखा फिरवा, गॅस वाढवत बसू नका, कारण फार जोरात सोडला तर तो भोवरा करून बाहेरची हवा आत ओढतो आणि वेल्डला भोकं पडतात. शुद्ध सीओटूला रेग्युलेटरचा हीटर चालू आहे ना ते हात लावून बघा, थंड असेल तर थोड्या वेळात रेग्युलेटरवर बर्फ धरेल आणि गॅस कमी कमी होत जाईल. सिलिंडर उभाच आणि साखळीने बांधलेला.

सावध: बंद टाकीत किंवा खड्ड्यात चाचणी घेऊ नका, आर्गॉन आणि सीओटू दोन्ही हवेपेक्षा जड, खाली साचतात आणि श्वासाला हवा उरत नाही. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा धूर तर अजिबात घेऊ नका.

तपासा: सॉलिड वायरला गन प्लसला, अर्थ मायनसला. सेल्फ शील्ड (बाहेरून गॅस न लागणाऱ्या) फ्लक्स कोअर्डला बहुतेक वेळा उलटं. स्पूलच्या डब्यावर लिहिलेलं असतं.

२. बेस प्रोग्रॅम: मटेरियल, वायर, गॅस

आता पॅनेल. आधी मटेरियल, मग वायरची जाडी, मग गॅस. काही मशीनवर हे तीन वेगळे बटण असतात, काहींवर झाकणाच्या आत तक्ता चिकटवलेला असतो आणि त्यातला एक प्रोग्रॅम नंबर टाकायचा असतो. हे आधीच करायचं कारण साधं आहे, सिनर्जिक मशीनमध्ये वायर स्पीड आणि व्होल्टेजची जोडी ह्याच निवडीवरून ठरते. तुम्ही अर्धा तास ट्रिम (आर्कची लांबी बारीक बदलायचं सेटिंग) जुळवली आणि मग लक्षात आलं की गॅस आर्गॉन मिक्स निवडलाय आणि सिलिंडर सीओटूचा आहे, तर निवड बदलल्यावर सगळी जोडी बदलते आणि अर्धा तास वाया जातो.

हा गॅसचा घोळ फार कॉमन आहे. त्याच वायर स्पीडला शुद्ध सीओटूला ८०-२० मिक्सपेक्षा (८० टक्के आर्गॉन, २० टक्के सीओटू) साधारण २ ते ३ व्होल्ट जास्त लागतात. मिक्सची लाइन निवडून सीओटूवर वेल्ड केलं की आर्क ठोकल्यासारखा चालतो, बीड (वेल्डची पट्टी) उंच दोरीसारखा बसतो आणि स्पॅटर उडतो, वेल्डर ट्रिम पार प्लसला नेऊन ते झाकतो. ट्रिम टोकाला न्यावी लागतीय म्हणजे बेस चुकलाय, असं सरळ समजा आणि मागे या.

शुद्ध सीओटूवर पल्स निवडू नका. पल्सला आर्गॉन जास्त असलेलं मिक्स लागतं. काही मशीन तशी जोडी घेतच नाहीत आणि प्रोग्रॅम नाही असं दाखवतात, लोकांना वाटतं पॅनेल हँग झालं.

३. ट्रिगर मोड आत्ताच ठरवा

छोटे टाके, टॅकिंग असेल तर २टी, म्हणजे दाबलं की चालू, सोडलं की बंद. लांब सीम असेल तर ४टी, म्हणजे एकदा दाबून सोडलं की चालू राहतं आणि परत दाबून सोडलं की बंद, हात दुखत नाही. स्पेशल ४टी असेल तर त्यात सुरुवातीचा करंट आणि शेवटचा क्रेटरचा (वेल्डच्या शेवटी राहणाऱ्या खड्ड्याचा) करंट वेगळा देता येतो.

हे नंतर बदलू म्हणून ठेवू नका. बऱ्याच मशीनवर २टीत क्रेटरचे पॅरामीटर दिसतच नाहीत, मग तुम्ही मेमरी सेव्ह केल्यावर कोणीतरी ४टी करतो आणि क्रेटरला कारखान्यातून आलेला कुठलातरी आकडा लागतो.

४. मुख्य नॉब: जाडीवर विसंबू नका

पॅनेलवर एमएममध्ये जाडी दाखवतात, ६ वर आणलं की झालं असं वाटतं. तो आकडा सुरुवात करायला ठीक आहे, पण मशीनला तुमचा जॉइंट टी आहे की बट (कडेला कड लावलेला), गॅप आहे की नाही, आडवा आहे की उभा, हे माहीत नसतं. टी-जॉइंटमध्ये उष्णता तीन दिशांना पळते, बटमध्ये दोन, म्हणून त्याच जाडीला टीला जास्त लागतं. जाडीवरून सुरुवात करा आणि मग डिस्प्ले वायर स्पीडवर नाहीतर करंटवर फिरवून तो आकडा बघत काम करा.

आमच्या ६ एमएमला आम्ही १९० ते २०० अँपिअरच्या आसपास येतो, वायर स्पीड ५ ते ५.५ मीटर मिनिटाला. व्होल्टेज बरोबर आहे का याचा ढोबळ हिशोब: करंटला ०.०५ ने गुणा आणि १४ मिळवा. २०० अँपिअरला १० अधिक १४, म्हणजे २४ व्होल्ट. १२० ला २०. हा हिशोब तोंडपाठ ठेवा, पॅनेलवर २०० अँपिअरला १९ व्होल्ट किंवा २९ व्होल्ट दिसले तर कुठेतरी गडबड आहे हे लगेच कळतं.

वायर स्पीडचा आकडा खरा आहे का ते पण मोजता येतं. अर्थ क्लॅम्प काढा, वायर टिपपाशी कापा, गन जॉबपासून आणि माणसांपासून लांब धरा, ६ सेकंद वायर सोडा आणि निघालेली वायर टेपने मोजा. त्याला १० ने गुणलं की मिनिटाचा हिशोब, ५ मीटर सेट असेल तर ५० सेंटीमीटर आली पाहिजे. फक्त एक लक्षात ठेवा, बऱ्याच मशीनमध्ये आर्क लागेपर्यंत वायर मुद्दाम हळू येते, तिला स्लो रन-इन म्हणतात, ती मोजताना बंद करावी लागते नाहीतर आकडा कमीच येणार. इंच बटणाने (आर्क न लावता वायर पुढे सरकवणारं बटण) मोजायचं असेल तर आधी मॅन्युअलमध्ये बघा, काही मशीन इंचला स्वतःच्या ठरलेल्या स्पीडनेच वायर सोडतात.

सावध: ट्रिगर दाबलेला असताना वायरला करंट असतो. हातमोजे काढून वायर ओढू नका.

५. ट्रिम आणि इंडक्टन्स, एका वेळी एकच

बेस बरोबर, वायर स्पीड बरोबर, आता आर्क बारीक जुळवायचा. ट्रिम म्हणजे आर्कची लांबी, शून्यावर मशीनचा स्वतःचा हिशोब, मायनसला आर्क आखूड आणि प्लसला लांब. इंडक्टन्स म्हणजे आर्क किती कडक किंवा मऊ.

नियम एकच पाळा, दोन्ही शून्यावर आणा, मग एका वेळी एकालाच हात लावा, प्रत्येक बदलाला एक नवीन टाका, आणि खडूने प्लेटवरच आकडा लिहा. दोन्ही एकदम फिरवले की कशाने फरक पडला ते कळत नाही आणि माणूस गोल गोल फिरत राहतो.

बीड उंच, दोरीसारखा, कडेला न भिजलेला: ट्रिम थोडी प्लस. बीड फार पसरट आणि उभ्या प्लेटला वरच्या कडेने खाच पडतीय, म्हणजे अंडरकट: ट्रिम थोडी मायनस, आणि गनचा अँगल पण बघा, तो ४५ च्या आसपास आहे का. वायर जॉबला टेकून ठोके मारतीय: व्होल्टेज कमी आहे. थेंब मोठे होऊन लटकून पडतायत: जास्त आहे. आवाज सलग, तापल्या तेलात मोहरी तडतडल्यासारखा एका लयीत पाहिजे.

इंडक्टन्सला एक मोठी अडचण आहे. काही कंपन्यांच्या मशीनवर प्लस म्हणजे मऊ आणि काहींवर प्लस म्हणजे कडक. म्हणून दुसऱ्याच्या शॉपमधला आकडा उचलून लावू नका. दोन्ही टोकांना एकेक टाका मारून बघा, जिकडे स्पॅटर कमी आणि बीड भिजलेला पण सुरुवात जरा सुस्त, ती मऊ बाजू.

हे सगळं करताना स्टिकआउट म्हणजे टिपपासून जॉबपर्यंत बाहेर राहणारी वायर एकसारखी ठेवा. आमच्या ह्या कामाला १५ एमएम. वायर स्पीड तोच असताना स्टिकआउट वाढलं की करंट पडतो आणि वेल्ड वरवर बसतो, वरून दिसायला छान पण आत चिकटलेला नाही. सेटिंग करणारा १२ वर धरतो आणि शिफ्टवरचा वेल्डर २५ वर धरतो, मग दोघं मशीनला दोष देतात. जमलं तर सेटिंगची चाचणी त्याच वेल्डरच्या हातून करून घ्या जो रोज ते काम करणार आहे.

६. सुरुवात आणि शेवट

इथे फार वेळ घालवायची गरज नाही, पण न बघता सोडू पण नका. गॅसचा प्री-फ्लो ०.२ सेकंदाच्या आसपास, पोस्ट-फ्लो अर्धा ते एक सेकंद, आणि पोस्ट-फ्लो संपेपर्यंत वेल्डरने गन तिथेच धरायची, लगेच उचलायची सवय मोडा. बर्नबॅक (ट्रिगर सोडल्यावर वायर किती वेळ जळत राहते तो आकडा) जास्त असेल तर शेवटी वायर टिपला चिकटते, कमी असेल तर वायर वेल्डमध्येच अडकून राहते, मधला आकडा चार-पाच टाक्यांत सापडतो. वेल्डच्या शेवटी खड्डा राहून त्यात तारा फुटल्यासारखी चीर दिसत असेल तर क्रेटर भरत नाहीये, स्पेशल ४टीत क्रेटरचा करंट मुख्य करंटच्या अर्ध्याच्या थोडा वर ठेवून बघा.

७. तुकड्यावर चाचणी, आणि तुकडा तोडून बघा

सेव्ह करायच्या आधीची ही शेवटची पायरी, आणि हिला पर्याय नाही. त्याच जाडीचे, त्याच मटेरियलचे, तसेच गंज-मिल स्केल असलेले किंवा साफ केलेले दोन तुकडे घ्या, किमान १५० एमएम लांब, त्याच पोझिशनला टॅक करा आणि एकाच बाजूने वेल्ड करा. थंड होऊ द्या. गेजने पाय (कोपऱ्यापासून प्लेटवर वेल्ड जिथपर्यंत पोचला ती लांबी) मोजा, ६ एमएमचा पाय असेल तर घसा (कोपऱ्यापासून बीडच्या पृष्ठभागापर्यंतचं सगळ्यात कमी अंतर) त्याच्या ०.७ पट, म्हणजे ४.२.

मग वाइसमध्ये पकडून, ज्या बाजूला वेल्ड नाही त्या बाजूने घण मारा आणि उभी प्लेट वेल्डच्या अंगावर पाडा. डोळ्याला गॉगल पाहिजेच. तुटलं तर तुटलेली जागा बघा. मुळाशी प्लेटची मूळची सरळ कड काळपट रेघेसारखी जशीच्या तशी दिसत असेल तर आत वितळलंच नाही, वरून बीड कितीही सुंदर असो. बारीक भोकं दिसली तर गॅस. प्लेट वाकून झोपली आणि वेल्ड तुटलाच नाही तर ते चांगलंच.

मी हे एवढं जोर देऊन सांगतोय कारण माझंच नुकसान झालंय. हंगामाच्या तोंडावर, दसरा जवळ आलेला, ट्रॉलीच्या ऑर्डरी रांगेत. संध्याकाळी आर्क डगमगायला लागला म्हणून मी ट्रिम वाढवली, वायर स्पीड थोडा वाढवला, बीड छान दिसायला लागला आणि घाईत तेच सेव्ह केलं. सकाळी पहिल्या शिफ्टच्या वेल्डरने नेहमीप्रमाणे नवीन टिप लावून तीच मेमरी काढली, म्हणजे ते सेटिंग परत पॅनेलवर आणलं. दुपारपर्यंत ४० ब्रॅकेट झाले आणि सगळ्यांना उभ्या प्लेटला अंडरकट, नख घातलं तर अडकत होतं. माझं सेटिंग झिजलेल्या टिपचं होतं. ते ४० च्या ४० ग्राइंड करून परत भरले, दोन माणसांचा पूर्ण दिवस गेला. तेव्हापासून नवीन टिप आणि तोडलेला तुकडा हातात असल्याशिवाय आमच्याकडे कोणी सेव्हचं बटण दाबत नाही.

८. आता सेव्ह

आधी कुठल्या नंबरवर सेव्ह करायचं तो नंबर रिकामा आहे का ते वहीत बघा. पॅनेलवर रिकामी जागा बहुतेक वेळा आडव्या रेघांनी दिसते. भरलेल्या नंबरवर सेव्ह केलं तर जुनं जातं, बरीच मशीन विचारत पण नाहीत.

पद्धत साधारण तीन प्रकारची असते:

पॅनेलवर १, २, ३, ४ अशी बटणं असतील तर बटण थोडा वेळ दाबून धरलं की सेव्ह, आणि पटकन दाबून सोडलं की काढणं. इथली चूक म्हणजे मेमरी काढायची म्हणून जाऊन बटण जरा जास्त वेळ दाबलं जातं आणि आत्ताचं सेटिंग जुन्यावर बसतं. जाड हातमोज्यांनी दाबताना हे हमखास होतं, मोजा काढून दाबा.

सेव्हचं एक बटण आणि नॉब असेल तर सेव्ह दाबा, नॉबने नंबर निवडा, मग परत सेव्ह दाबून धरा आणि डिस्प्लेवर झालं अशी खूण येईपर्यंत बोट काढू नका. पहिल्यांदा दाबल्यावर फक्त मेनू उघडतो, लोक तिथेच सोडून निघून जातात.

मोठा स्क्रीन असेल तर मेनूत जाऊन सेव्ह, नंबर, नाव. नाव देता येत असेल तर गिऱ्हाइकाचं नाव देऊ नका, जाडी-जॉइंट-पोझिशन द्या, गिऱ्हाईक बदलतं पण जॉइंट तोच राहतो.

सावध: वेल्ड संपल्यावर काही सेकंद डिस्प्लेवर जो आकडा थांबून राहतो तो शेवटच्या वेल्डचा खरा मोजलेला आकडा असतो, सेट केलेला नव्हे. होल्डचा दिवा लागलेला असतो. त्यावेळी वहीत आकडा उतरवला तर सेट २४ आणि वहीत २३.४ असं होतं, आणि महिन्याने कोणीतरी वही बघून मशीन २३.४ ला आणतो. नॉब जरासा हलवून किंवा वाट बघून होल्ड जाऊ द्या, मग लिहा. दोन्ही लिहायचे असतील तर वेगळ्या रकान्यात.

९. खरंच सेव्ह झालं का

मशीन बंद करून चालू केल्यावर शेवटचं सेटिंग तसंच दिसतं, म्हणून सेव्ह झालं असं समजू नका. बरीच मशीन शेवटचं सेटिंग आपोआप लक्षात ठेवतात, ती मेमरी वेगळी. बरोबर तपासायचं असेल तर दुसरी एखादी मेमरी काढा, मेन स्विच बंद करा, डिस्प्ले पूर्ण विझू द्या, परत चालू करा, आणि मग तुमचा नंबर काढून एकेक आकडा वहीशी जुळवा. ट्रिम, इंडक्टन्स, ट्रिगर मोड, क्रेटर, सगळं. काही मशीन फक्त वायर स्पीड आणि व्होल्टेज सेव्ह करतात, बाकीचं सगळ्या मेमऱ्यांना कॉमन राहतं, ते इथे उघडं पडतं.

अजून एक चाचणी नवीन मशीन आल्या आल्या करा. मेमरी १ काढा, वायर स्पीड मुद्दाम एक मीटर वाढवा, सेव्ह करू नका, मेमरी २ वर जा, परत १ वर या. जुना आकडा आला तर तुमच्या मशीनची मेमरी पक्की आहे. वाढवलेला आकडा आला तर त्या मशीनमध्ये नॉब फिरवला की तोच सेव्ह, वेगळं बटण लागतच नाही. अशा मशीनवर लॉक नसेल तर वही हाच खरा रेकॉर्ड, कारण शिफ्टमध्ये कोणाचा ना कोणाचा हात नॉबला लागणारच.

१०. कार्ड, लॉक, बॅकअप

मशीनवर एक कार्ड चिकटवा, वर पारदर्शक टेप लावून. आमचं असं असतं:

मेमरी ३. ६ एमएम टी, आडवा फिलेट, पाय ६. वायर १.२, सीओटू, नोझलवर १५ लिटर. ४टी. वायर स्पीड ५.४, व्होल्ट २४, ट्रिम ०, इंडक्टन्स मऊकडे १. स्टिकआउट १५. गन केबल ३ मीटर. नवीन टिपवर सेट केलं. तारीख, सही.

स्टिकआउट, गन केबल आणि नवीन टिप हे शब्द सगळ्यात महत्त्वाचे, कारण तेच पॅनेलवर कुठे दिसत नाहीत.

लॉक असेल तर वापरा, पण पूर्ण कुलूप घालू नका. बऱ्याच मशीनमध्ये वेल्डरला ठराविक हद्दीत करंट आणि ट्रिम फिरवायची मोकळीक देता येते, थोडी मोकळीक द्या. गॅप कमीजास्त होतोच, माणसाच्या हातात काहीच ठेवलं नाही तर तो स्टिकआउट लांब-आखूड करून मार्ग काढतो आणि ते तुम्हाला दिसत पण नाही. कोड किंवा चावी दोन माणसांकडे असू द्या, एकाकडे नको, तो रजेवर गेला की अख्खी शिफ्ट अडते. पेन ड्राइव्ह लागत असेल तर महिन्यातून एकदा सगळ्या मेमऱ्या त्यात कॉपी करून ठेवा, मशीनमधलं सर्किटचं कार्ड बदलताना सर्व्हिसवाले कधीकधी फॅक्टरी रीसेट मारतात आणि सगळं पुसतं.

मेमरी तीच आहे पण वेल्ड बदलला तर

नॉबला हात लावायचा नाही. ह्या क्रमाने बघत जा: टिप, नोझल, अर्थची जागा, नोझलवर गॅसचे लिटर, सीओटूचा हीटर, रोलरचा दाब आणि लायनर, वेल्डरचं स्टिकआउट. मग वायर. स्पूल बदलल्यापासून फरक पडला असेल तर नवीन स्पूलचा मेक वेगळा आहे का, वायरवर गंज किंवा ओल आहे का ते बघा, पावसाळ्यात अर्धवट स्पूल उघडी ठेवली की हे होतंच. मग करंटचा पुरवठा: जनरेटरवर चालू आहे का, एखादी फेज कमी आहे का. मग गनची केबल बदलली का, ३ मीटरची जाऊन ५ मीटरची आली तर व्होल्टेज वाटेत जास्त पडतं. काही भारी मशीनमध्ये केबल बदलल्यावर सर्किट मोजायचं कॅलिब्रेशन असतं, ते परत करावं लागतं.

हे सगळं ठीक निघालं तरच मेमरी काढून ट्रिम हलवा, आणि ती सुद्धा नवीन नंबरवर सेव्ह करा. जुना नंबर निदान एक आठवडा तसाच राहू द्या, म्हणजे नवीन सेटिंगवर चार शिफ्ट काम झाल्यावर दोन्हीचे तुकडे शेजारी ठेवून तोडून बघता येतात.